कर्ज शहराचे, रस्ता कोणाचा?

जून २०२५ मध्ये मुंबई शेअर बाजारात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत घंटा वाजली. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या २०० कोटी रुपयांच्या हरित कर्जरोख्यांची त्या दिवशी तेथे नोंदणी झाली. गुंतवणूकदारांची मागणी पाच पटींहून अधिक आली. व्याजाचा दर ७.८५ टक्के ठरला. केंद्र सरकारकडून २० कोटींचे प्रोत्साहन अनुदान मिळणार म्हणून टाळ्या पडल्या. हा पैसा कशासाठी? निगडी प्राधिकरणातील 'हरित सेतू' नावाचा पदपथ आणि सायकलमार्गांचा प्रकल्प, आणि गवळीमाथा ते इंद्रायणीनगर या टेल्को रस्त्याची सुधारणा. पायी चालणाऱ्याला रस्त्यावर जागा मिळावी, सावली मिळावी, याला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. गाडी नसलेल्या माणसांत आमचीच माणसे सर्वांत जास्त आहेत. टेल्को रस्त्यावरून कामगारही जातो, हेही आम्ही नाकारत नाही.

आमचा प्रश्न वेगळा आहे. हे कर्ज काढण्याचा निर्णय कोणी घेतला? आणि ज्यांच्या कराच्या पैशातून ते फेडले जाणार, त्यांना कोणी विचारले?

कर्जरोखा म्हणजे काय, हे आपल्या वस्त्यांमध्ये नीट समजावून सांगितले जात नाही. अनुदान परत करायचे नसते. रोखा परत करायचा असतो, व्याजासह. २०० कोटींवर ७.८५ टक्के म्हणजे वर्षाला १५ कोटी ७० लाख रुपये व्याज. केंद्राचे ज्या २० कोटींबद्दल एवढे कौतुक झाले, ते सव्वा वर्षाच्या व्याजात संपतात. मुद्दल वेगळेच. आणि हे फेडायचे कशातून? मिळकतकर, पाणीपट्टी, परवाना शुल्क आणि सरकारकडून येणारा जीएसटीच्या भरपाईचा वाटा यांतून. झोपडपट्टीतील भाडेकरू मिळकतकराची पावती स्वतःच्या नावाने फाडत नाही, म्हणून तो कर भरत नाही असा एक समज मध्यमवर्गात पक्का बसलेला आहे. तो साफ खोटा आहे. तो घरभाड्यातून कर भरतो, दुकानातून घेतलेल्या साबणाच्या वडीवर कर भरतो, आणि जीएसटीचा जो वाटा महापालिकेच्या तिजोरीत येतो त्यात त्याची दमडी असतेच. शहराचे कर्ज हे त्याचेही कर्ज आहे.

कायदा या कर्जावर मर्यादा घालतो काय? घालतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ चा आहे. त्याप्रमाणे महापालिकेला स्वतःच्या मर्जीने कर्ज काढता येत नाही. त्यासाठी विशेष सभा बोलवावी लागते, ठराव करावा लागतो, आणि राज्य सरकारची पूर्वमंजुरी घ्यावी लागते. कर्जफेडीसाठी निधी बाजूला ठेवावा लागतो. ब्रिटिशांच्या काळातील १९१४ चा स्थानिक प्राधिकरण कर्ज कायदा याच विचाराचा होता: नगरपालिका ही सरकारची अज्ञान पाल्य, तिला पैसे हाताळता येत नाहीत, म्हणून वर पालक पाहिजे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने महापालिकांना घटनेत स्थान दिले, बाराव्या अनुसूचीत १८ विषय दिले. त्यांत रस्ते आणि पूल आहेत, झोपडपट्टी सुधारणा आहे, आणि समाजातील दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षणही आहे. ही यादी एका पानावर मावते, पण आयुक्तांच्या दालनात रस्ते आणि पुलांच्या खाली कोणाची नजर सहसा जात नाही.

त्यावर २०१५ मध्ये सेबीने महापालिकांच्या रोख्यांसाठी स्वतंत्र नियमावली केली. रोखे काढणाऱ्या महापालिकेचे मागील हिशेब नीट पाहिजेत, अलीकडच्या काळात तिने कोणाचे कर्ज थकवलेले नसावे, पतमानांकन संस्थेचा दाखला पाहिजे, ज्या कामासाठी पैसा उभा केला त्याच कामावर तो खर्च झाला पाहिजे. याशिवाय उत्पन्नातून आधी कर्जाचा हप्ता एका स्वतंत्र खात्यात वळवायचा आणि मग उरलेल्यातून शहर चालवायचे, अशी व्यवस्था केली जाते.

वाचकांनी ही व्यवस्था नीट ध्यानात घ्यावी. महापालिकेच्या तिजोरीवर पहिला हक्क रोखेधारकाचा. मग पगार, मग ठेकेदार, मग वस्तीतील शौचालयाची दुरुस्ती. उत्पन्न कमी पडले तर काय थांबेल? हप्ता थांबणार नाही, थांबवला तर पतमानांकन खाली येईल. थांबेल ते कंत्राटी सफाई कामगाराचे वेतन, कारण त्याला पतमानांकन देण्याचा अधिकार कोणी दिलेला नाही. कायद्याने घातलेल्या या सगळ्या मर्यादा पैसे देणाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी आहेत. पैसे फेडणाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी कायद्यात एकच जागा होती, ती म्हणजे निवडून आलेल्या सभागृहाची विशेष सभा. तेथे आपला नगरसेवक उभा राहून विचारू शकत होता की साहेब, प्राधिकरणाला २०० कोटी आणि आमच्या ओटा स्कीमला काय?

ती जागाच रिकामी होती. पिंपरी-चिंचवडच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर यांचीही त्याच सुमारास संपली. निवडणुका न्यायालयीन वादात आणि सत्ताधाऱ्यांच्या सोयीत अडकल्या, त्या जानेवारी २०२६ मध्ये झाल्या. जवळजवळ चार वर्षे आयुक्त हेच प्रशासक होते. प्रस्ताव आयुक्त म्हणून ठेवायचा आणि सभागृह म्हणून स्वतःच मंजूर करायचा! पिंपरी-चिंचवडने २०२३ मध्ये नदीकाठच्या प्रकल्पासाठी २०० कोटींचे रोखे काढले तेही याच काळात, आणि २०२५ चे हरित रोखेही याच काळात. आम्ही कोणा अधिकाऱ्याच्या हेतूवर शंका घेत नाही. कायद्याच्या चौकटीत राहूनच हे झाले असेल. पण कायद्याला जी विशेष सभा अभिप्रेत होती, ती एका माणसाच्या सहीत संपली, हे सत्य कोणत्या घंटेने झाकले जाईल?

येथे बाबासाहेबांकडे वळावे लागते. ते केवळ भावनेने नव्हे. सार्वजनिक वित्त हा बाबासाहेबांचा अभ्यासाचा विषय होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्ताच्या उत्क्रांतीवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. संविधान सभेत ऑगस्ट १९४९ मध्ये केंद्राच्या कर्ज काढण्याच्या अधिकाराचे कलम चर्चेला आले. मसुद्यात ते २६८ होते, आज ते २९२ आहे. कर्जाला घटनेतच मर्यादा का नाही, असा आक्षेप काही सदस्यांनी घेतला. बाबासाहेबांनी उत्तर दिले त्याचा आशय असा, की संसदेने कायद्याने ठरवलेल्या मर्यादेतच कर्ज काढता येईल असे या कलमात म्हटलेले आहे, संसद हा विषय गांभीर्याने घेईल अशी त्यांची अपेक्षा आहे, आणि दरवर्षी कर्जाचा कायदा करून सरकार त्या वर्षी किती कर्ज काढू शकते हे संसदेने ठरवावे, यालाही त्यांची हरकत नव्हती. मर्यादा कोठे असावी, यावर बाबासाहेबांचे बोट स्पष्ट आहे. ती अर्थमंत्र्याच्या विवेकावर नको, सावकाराच्या विश्वासावरही नको. निवडून आलेल्या सभागृहाने, चर्चा करून, वेळोवेळी ती ठरवावी. देशाला वित्तीय जबाबदारीचा कायदा करायला २००३ साल उजाडले, ही गोष्ट वेगळी. पण जे तत्त्व संसदेला लागू, ते महापालिकेच्या सभागृहाला का नाही?

कर्ज काढून रस्ते रुंद करण्याचा खेळ मुंबईला नवा नाही. १८९६ ची प्लेगची साथ आली आणि १८९८ मध्ये कायदा करून मुंबईत सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले. यालाच आपण इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट म्हणतो. कर्जरोखे काढून या ट्रस्टने दाट वस्त्यांमधून रस्ते फोडले. प्रिन्सेस स्ट्रीट फोडला, सँडहर्स्ट रोड फोडला. हवा खेळती होईल, रोगराई जाईल असे सांगितले गेले. हवा खेळती झाली, पण तेथे राहणारी गरीब माणसे बाहेर फेकली गेली. जितकी घरे पाडली गेली तितकी बांधली गेली नाहीत, ही टीका त्या काळातच झाली. आणि जी थोडी बांधली गेली त्यांना आपण बीआयटी चाळी म्हणतो. परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेब १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले. म्हणजे शहराच्या कर्जाचा इतिहास आपल्या चळवळीच्या घराच्या भिंतीत आहे. त्या ट्रस्टला महापालिकेच्या उत्पन्नातून वाटा द्यावा लागत होता, पण ट्रस्टचा कारभार सर्वसामान्य करदात्याच्या हाताबाहेर होता. ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला. नंतर मात्र त्याची नातवंडे जन्माला आली: प्राधिकरणे, महामंडळे, स्मार्ट सिटीच्या कंपन्या. सभागृहाला वळसा घालून खर्च करण्याची सोय म्हणजे ही मंडळे. तेथे नगरसेवकाची ताकद चहा घेण्यापुरती.

सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक हक्क यांचे नाते आपल्या चळवळीने फार आधी जोडलेले आहे. ऑगस्ट १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मांडला. सार्वजनिक निधीतून बांधलेली आणि सांभाळलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, हा त्याचा गाभा. यातील 'सार्वजनिक निधीतून' हे शब्द महत्त्वाचे. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याप्रमाणे चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला आणि १९२७ च्या सत्याग्रहानंतर तो मागे घेतला. ठराव करणारे सभागृह आणि ठराव मागे घेणारे सभागृह एकच! म्हणून सभागृह असले म्हणजे न्याय मिळतो, असे आम्ही म्हणत नाही. सभागृह असले म्हणजे लढायला जागा मिळते, एवढेच म्हणतो. आज तळ्याचा प्रश्न उरला नाही. पण ज्या रस्त्यासाठी सर्वांनी कर्ज फेडायचे तो रस्ता कोणाच्या दारासमोरून जाणार, हा प्रश्न त्याच तत्त्वाचा आहे.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी हा प्रश्न न्यायालयात नेला होता. त्या देशात एकोणिसाव्या शतकात शहरांनी रेल्वे कंपन्यांसाठी वाटेल तशी कर्जे उचलली, तेव्हा राज्यांनी घटनेतच मर्यादा घातल्या. इलिनॉय राज्याने १८७० च्या घटनेत लिहून टाकले की शहराचे कर्ज तेथील करपात्र मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये. मर्यादा आली तशी पळवाटही आली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरमालकांकडूनच खास आकारणी घ्यायची, त्या आकारणीवर रोखे काढायचे, आणि हे शहराचे कर्जच नव्हे असे म्हणायचे. अनेक राज्यांच्या न्यायालयांनी ते मान्य केले. परिणाम असा, की ज्या रस्त्यावरचे मालक पैसेवाले तो रस्ता फरसबंदी झाला आणि ज्या रस्त्यावर मजूर राहत होते तो चिखलातच राहिला. मर्यादा पाळली गेली आणि विषमताही पाळली गेली.

याच अमेरिकेत मिसिसिपी राज्यात शॉ नावाचे, त्या काळी अडीच हजार वस्तीचे, एक गाव आहे. तेथे काळे लोक बहुसंख्य होते आणि गावकारभार गोऱ्यांच्या हातात होता. काळ्या रहिवाशांनी दावा दाखल केला. पुरावा साधा होता. त्यांनी घरे मोजली. कच्च्या रस्त्याला लागून असलेल्या घरांपैकी जवळजवळ ९८ टक्के घरे काळ्यांची निघाली. सांडपाण्याच्या वाहिनीविना राहिलेल्या घरांपैकी ९७ टक्के काळ्यांच्या वस्तीतली निघाली. गोऱ्यांच्या भागात प्रखर दिवे, काळ्यांच्या भागात उघडे बल्ब. गावकारभाऱ्यांनी सांगितले की ज्या रस्त्यावर वर्दळ जास्त तो आधी केला. खालच्या न्यायालयाने हे मान्य केले, पण १९७१ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि १९७२ मध्ये संपूर्ण पीठानेही तेच कायम ठेवले. न्यायालयाने कारभाऱ्यांच्या मनात काय होते हे शोधत बसण्याऐवजी रस्त्यावर काय दिसते ते पाहिले.

आपल्याकडे अशी मोजणी कोणी केली आहे काय? पुणे महापालिकेने २०१७ मध्ये २४ तास पाण्यासाठी ७.५९ टक्क्यांनी २०० कोटींचे रोखे काढले, तेव्हा त्या पाण्याची पहिली वाहिनी कोणत्या भागातून गेली याचा जातीनिहाय किंवा वस्तीनिहाय ताळेबंद महापालिकेने लोकांसमोर ठेवायला हवा होता. शेजारच्या हैदराबादचे उदाहरण आणखी बोलके आहे. तेथील महापालिकेने उड्डाणपूल आणि मोठ्या रस्त्यांच्या योजनेसाठी फेब्रुवारी २०१८ मध्ये ८.९० टक्क्यांनी २०० कोटी घेतले, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ९.३८ टक्क्यांनी १९५ कोटी, आणि २०१९ मध्ये १०.२३ टक्क्यांनी १०० कोटी. दीड वर्षात व्याज सव्वा टक्क्याहून अधिक वाढले. उड्डाणपूल मोटारीसाठी असतो. त्याच्या खाली राहणाऱ्या माणसाने तो फेडायचा!

आमचे काही मित्र म्हणतील की कर्ज काढूच नये. आम्ही तसे म्हणत नाही. बंगळूरने १९९७ मध्ये १२५ कोटींचे रोखे काढले, अहमदाबादने १९९८ मध्ये राज्याच्या हमीशिवाय १०० कोटींचे काढले, तेव्हापासून शहरे या वाटेने जात आहेत आणि जात राहणार. पन्नास वर्षे टिकणारी सांडपाण्याची वाहिनी एका वर्षाच्या करातून बांधा असे म्हणणे म्हणजे ती बांधूच नका असे म्हणणे. आमची तक्रार अशी आहे की कर्जाच्या पैशाला एक वाट आणि आपल्या वस्तीच्या पैशाला दुसरी वाट, अशी वर्णव्यवस्था महापालिकेच्या अंदाजपत्रकात उभी राहिली आहे. पुढारलेल्या भागातील रस्त्याला रोख्यांचा पैसा, त्याला स्वतंत्र खाते, सल्लागार, मानांकन, मुदत. दलित वस्तीला मात्र वस्ती सुधार योजनेचे अनुदान, आणि तेही आले तर आले, मार्चअखेर घाईत खर्चले नाही तर परत गेले. रोख्याच्या पैशाने केलेला रस्ता तीन वर्षांत उखडला तर शेअर बाजारात प्रश्न विचारला जाईल. आपल्या गल्लीतले काँक्रीट तीन महिन्यांत उखडले तर प्रश्न विचारणाऱ्याला 'तुमच्यासाठी एवढे केले तरी तुमचे रडगाणे' हे उत्तर ठरलेले.

निगडीचेच पाहा. प्राधिकरण हे आखून, मोजून, रुंद रस्ते ठेवून वसवलेले उपनगर. त्याच निगडीत ओटा स्कीम आहे, आणि सेक्टर २२ मधील झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारती लष्कराच्या रेड झोनच्या वादात अडकल्या त्याही तेथेच. नवे कर्ज काढायचे तर पहिला हक्क कोणाचा, हे ठरवायला सल्लागार कंपनी लागत नाही. मराठवाड्यातून, विदर्भातून दुष्काळात उठून या औद्योगिक शहरात आलेल्या, भोसरीच्या कारखान्यांत आयुष्य घालवलेल्या माणसाला रस्त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

आता सभागृहे पुन्हा भरली आहेत. राखीव जागांवरून निवडून आलेले आपले नगरसेवक, नगरसेविका तेथे बसले आहेत. त्यांना समाजाने पाठवले आहे ते पक्षाचा व्हीप वाचायला नव्हे. प्रशासकाच्या काळात काढलेल्या प्रत्येक रोख्याचा प्रस्ताव, सरकारची मंजुरी, व्याजाचा तक्ता आणि आतापर्यंत झालेला खर्च हे सर्व सर्वसाधारण सभेच्या पटलावर ठेवा, अशी लेखी मागणी त्यांनी पहिल्या संधीला करावी. कोणत्या प्रभागात किती, तेथे अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या किती, झोपडपट्ट्या किती, हे रकाने त्या तक्त्यात असावेत. प्रभागनिहाय लोकसंख्या महापालिकेकडे आहेच, त्यावरच तर आरक्षणाची सोडत निघते. पुढचे रोखे काढण्यापूर्वी विशेष सभेत वस्त्यांचा वाटा ठरल्याशिवाय ठरावाला हात वर करायचा नाही, एवढे तरी त्यांनी आपसात ठरवावे. सत्तेत असोत की विरोधात.

कार्यकर्त्यांनीही वाट पाहू नये. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत हे कागद मागता येतात. रोखे विकताना महापालिकेने गुंतवणूकदारांना जी माहितीपुस्तिका दिली, त्यात शहराचे उत्पन्न, देणी, थकबाकी, न्यायालयीन दावे सर्व लिहिलेले असते. शेअर बाजारातील धनिकाला जी माहिती मिळते ती निगडीच्या ओटा स्कीममधील करदात्याला मराठीत मिळावी, हा पहिला अर्ज. त्या माहितीवरून वस्तीत सभा घ्यावी. मग शॉ गावच्या माणसांनी केले तसे घरे मोजावीत: रोख्याच्या पैशाने झालेल्या रस्त्याला लागून घरे किती, आणि त्यांपैकी आपली किती.